ब्रेक छापायला बसण्याआधी

पोरी, तुझ्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे, आणि तो किल्लीच्या चेन आणि नावाच्या पाट्या छापण्यात दंग आहे, हे तू सांगितलंस तेव्हा मला नवल वाटलं नाही. 2016 पासून सरकारने देशभर हजारो शाळांना अशा प्रयोगशाळा दिल्या. यंत्रं आली, पण त्यांच्यासमोर बसून काय करायचं हे सांगणारं माणूस सगळीकडे आलं नाही. आता तू गाडीच्या ब्रेकचं मॉडेल छापायचं म्हणतेस. विषय चांगला निवडलास. पास्कलचा नियम पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, ब्रेक तर दारातल्या गाडीत असतोच. या दोहोंना जोडणारी वाट मात्र त्यांना कुणी दाखवत नाही. माझा जन्म वर्कशॉपमध्ये पोरांना ब्रेक उघडायला आणि परत बसवायला शिकवण्यात गेला, म्हणून चार गोष्टी सांगतो. प्रिंटरबद्दल माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, तिथे मी कमीच बोलेन.

पहिली गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. शक्य तितकं कमी छाप. इंटरनेटवर कॅलिपर, डिस्क, पॅड, नट, बोल्ट, सगळं प्लास्टिकचं असलेलं अख्खं मॉडेल मिळतं. ते तीन दिवस छापायचं, रंगवायचं, प्रदर्शनात टेबलावर मांडायचं. दिसतं झकास. पाहुणे फोटो काढतात. पण पेडल दाबलं की काहीच होत नाही, कारण त्या पेडलला पुढे काही जोडलेलंच नसतं. असल्या शोभेच्या ब्रेकपेक्षा भंगारातला खरा ब्रेक फोडून दाखवलेला बरा.

कमी छापायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून बघ. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमात, 1972 मध्ये शाळांतून विज्ञान हाताने शिकवायचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतला एक इंजिनिअर रजा घेऊन तिथे आला. ते अरविंद गुप्ता. ट्रकच्या कारखान्यातला माणूस, पण त्यांनी हातात घेतल्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचे तुकडे कापून काड्यांचे सांधे केले आणि त्यातून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. काड्या बाजारात मिळतच होत्या, सांधा तेवढा त्यांनी शोधला. तुझ्या प्रिंटरकडून हेच काम करून घे. जे बाजारात तयार मिळतं ते विकत आण, आणि त्या वस्तू एकमेकींना जिथे भेटतात तो सांधा छाप.

आता सिलिंडर. इथेच बहुतेकांचं मॉडेल बसतं. प्रिंटर थरावर थर घालत जातो, त्यामुळे छापलेल्या नळकांड्याची आतली भिंत खरखरीत राहते. त्यात कितीही नीट रिंग बसव, पाणी झिरपणारच. पॉलिश पेपरने घासून, लेप देऊन ती गुळगुळीत करणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे वेळ फार असतो. तू सरळ इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात जा आणि नव्या, सीलबंद सिरिंज घे. सुया नकोत. वापरलेली सिरिंज कुणी फुकट दिली तरी शाळेत आणायची नाही. तोंडाला आटे असलेली, फिरवून लॉक होणारी सिरिंजच माग. नुसती खुपसायची असते ती दाब आला की सुटते आणि आत भरलेलं लाल पाणी पोरांच्या पांढऱ्या शर्टावर जातं. मग पालकांची सभा. पेडलकडे 5 मिलीची, आणि मॉडेलच्या दोन्ही चाकांकडे 20 मिलीची एकेक. त्याच दुकानात सलाइनचे थ्री-वे कॉक मिळतात, तेही चार घे. त्यांचं काम पुढे सांगतो. नळीसाठी सलाइनची किंवा फिशटँकच्या पंपाची पारदर्शक नळी चालते. सांध्यावर बारीक तार आवळ. लोखंडी सामान, म्हणजे तीन आणि चार एमएमचे नट-बोल्ट, फुलपाखरू नट, स्प्रिंगा, हे सगळं सियागंजमध्ये एका फेरीत होतं. तिथे ‘भिया, मॉडेल बनाना है’ एवढं सांगितलंस तर दुकानदार स्वतःच दोन सूचना करेल. त्यातली एक कामाची निघते.

सिरिंजच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ काढायला व्यास मोजायला जाऊ नकोस, रबर दबतं आणि माप चुकतं. सिरिंजवर खुणा छापलेल्या असतातच. शून्यापासून शेवटच्या खुणेपर्यंतची लांबी पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोज आणि तितके मिली त्या लांबीने भाग. उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येतं, कारण एक मिली म्हणजेच एक घन सेंटिमीटर. समज, 5 मिलीची खूण 4.2 सेंमीवर आहे, तर क्षेत्रफळ साधारण 1.2. 20 मिलीची खूण 6.5 सेंमीवर असेल तर 3.1. कंपनीगणिक हे आकडे बदलतील, म्हणून ते पोरांनाच काढू दे. सूत्र फळ्यावर लिहून द्यायच्या आधी हा भागाकार त्यांच्याकडून करून घेतलास तर निम्मा पास्कल तिथेच शिकून होतो.

पेडल चारास एकचं ठेव. म्हणजे पेडल ज्याभोवती फिरतं त्या खिळ्यापासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर, खिळ्यापासून सिरिंजच्या दांड्यापर्यंतच्या अंतराच्या चौपट. खऱ्या गाडीतही हे प्रमाण चार ते सहाच्या घरात असतं. बोटाने एक किलोचा जोर दिला की पेडल त्याचे चार करतं, आणि 1.2 वरून 3.1 वर जाताना त्याचे दहाच्या वर होतात. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात सिरिंजचं रबर घासतं आणि बरंच खाऊन टाकतं. ते लपवू नकोस. स्वयंपाकघरातला स्प्रिंगचा काटा आणून चाकाकडच्या सिरिंजला लाव, जेवढं येईल तेवढं लिहायला लाव आणि बाकीचं कुठे गेलं ते विचार. आणि ताकद वाढली त्याची किंमत कुठे मोजली तेही दाखव. पेडल चार सेंटिमीटर खाली गेलं, तर चाकाकडचा दट्ट्या चार मिलिमीटरही सरकत नाही. मी बघत आलोय, ‘ताकद फुकट मिळाली’ असं वर्गातल्या अर्ध्या पोरांना वाटतं आणि ते परीक्षेत धडधडीत तसंच लिहितात.

आता खरं छापायचं काम, कॅलिपर. त्यासाठी मी तुला सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे जो ब्रेक असतो त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो. मग बाहेरचा पॅड डिस्कवर दाबतो कोण? हा प्रश्न मी आयटीआयच्या पोरांना विचारत असे. पान्हा धरून वर्ष झालेली पोरंसुद्धा वरती पंख्याकडे बघायची. उत्तर असं की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, डिस्क काही हटत नाही, मग पिस्टनला मागे रेटा बसतो आणि अख्खी कॅलिपर बॉडीच पिनांवरून उलट्या दिशेला सरकते. सरकताना ती बाहेरच्या पॅडला आत ओढते. दोन्ही पॅड सारख्याच जोराने चिमटतात. गाडीखाली बसून हे दिसत नाही, कारण सरकण्याचं माप केसभर असतं. पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही, कारण चित्र हलत नाही. मॉडेलमध्ये दिसतं. प्रिंटर लावायचा तो यासाठी.

म्हणून तीन भाग वेगळे छाप आणि वेगळ्या रंगांत छाप. ब्रॅकेट, जो प्लायवूडच्या पाट्याला पक्का राहील. बॉडी, जी सरकेल. आणि पॅडच्या पाठी. पुष्कळ तयार फायलींत ब्रॅकेट आणि बॉडी एकच ठोकळा असतो. ती फाईल दिसली की पुढे जा. पिना छापू नकोस, त्या वाकतात. चार एमएमचा, वरचा भाग बिनआट्याचा असलेला बोल्ट घे आणि भोक 4.4 एमएमचं ठेव. प्रिंटरचं भोक सांगितल्यापेक्षा लहानच येतं, तेव्हा ड्रिल हाताने फिरवून साफ करून घे, मशीनने नको; मशीनने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. बॉडीत 20 मिलीची सिरिंज आडवी बसेल असा खोबणीचा पाळणा कर आणि वरून पट्टा दे, म्हणजे सिरिंज खराब झाली की काढून दुसरी टाकता येईल.

पॅड आणि डिस्कमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन एमएम फट ठेव. खऱ्या गाडीत ती मिलिमीटरच्या अंशात असते, पण शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसलं पाहिजे. हिशेब बघ: पिस्टनला बॉडीच्या बाहेर चार एमएम यावं लागणार, गुणिले 3.1, म्हणजे सव्वा मिली पाणी. 5 मिलीच्या सिरिंजमध्ये दोन चाकांचं काम आरामात होतं. फट तीन-चार एमएमची केलीस तर पेडल पाट्याला टेकेल आणि ब्रेक लागणार नाही. हा हिशेब आधी कर, मग छापायला बस.

पॅडच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटव. डिस्क दोन भागांत छाप, मधल्या पाकळ्या दिसतील अशी, म्हणजे वारा खेळवणारी डिस्क कशी असते ते आपोआप समजतं. तुझा बेड 220 एमएमचा असेल तर डिस्क 150 ची पुरे. मधे स्केटिंगच्या चाकातली बेअरिंग बसव. हाताने फिरवली की बराच वेळ फिरत राहिली पाहिजे, नाहीतर ब्रेकने थांबली की आपली आपण थांबली हे कळत नाही.

छपाईचं थोडक्यात. पेडल उभं छापू नकोस, आडवं झोपवून छाप. थर लांबीच्या दिशेने गेले तरच ते पोरांच्या हातात टिकतं, नाहीतर पहिल्याच तासाला बरोबर खिळ्यापाशी मोडतं. प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू पिळू नकोस. नटाच्या आकाराचा षटकोनी खड्डा छाप आणि त्यात लोखंडी नट बसव. तीन एमएमच्या नटाची रुंदी 5.5 असते, खड्डा 5.8 चा ठेव. पावसाळ्यात फिलामेंट ओलं होतं आणि छापताना चटचट आवाज करतं. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. आणि पीएलए वापरत असशील तर तयार मॉडेल मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून शाळेत नेऊ नकोस. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि इंदूरच्या दुपारी बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. सपाट डिस्क काढताना बशी होऊन निघेल. पीईटीजी त्याहून जास्त सोसतं. रंगसंगतीत डोकं घालू नकोस, मात्र पाणी लाल आणि बाकी काहीही लाल नाही, एवढं पाळ.

पाणी म्हणालो, कारण मॉडेलमध्ये ब्रेक ऑइल घालायचं नाही. ते रंग खातं, कातडीला चांगलं नाही, आणि डबा उघडा राहिला की हवेतला ओलावा ओढतं. ओलावा ओढण्याची ही गोष्ट शिकवायची मात्र जरूर. डॉट 3 चं नवं ऑइल दोनशे पाच अंशांच्या खाली उकळता कामा नये असं मानक आहे. ओलावा प्यायलेल्यासाठी तीच मर्यादा एकशे चाळीसवर येते. घाटात ब्रेक तापले की असं जुनं ऑइल नळीतच उकळतं, वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल सरळ खाली. म्हणूनच दर दोनेक वर्षांनी ऑइल बदला म्हणतात, ते सर्व्हिस सेंटरवाल्यांचं बिल वाढवायला नव्हे. (बाकी बऱ्याच गोष्टी त्यासाठी असतात.)

त्यातच एक बिनछपाईचा प्रयोग सांगून ठेवतो. ब्रेकची रबरी वॉशर, आमच्या भाषेत किट, स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळते. एक वॉशर ब्रेक ऑइलच्या बाटलीत, तसलीच दुसरी इंजिन ऑइलच्या बाटलीत. झाकणं घट्ट, बाटल्या कपाटात, हात लावायचा तो तूच. काही दिवसांनी दोन्ही काढून शेजारी ठेव. इंजिन ऑइलमधली फुगलेली असते. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकीचं तेल ओतल्यावर ब्रेक का जाम होतात, हे त्यानंतर शब्दांनी सांगावं लागत नाही.

आता थ्री-वे कॉक. एक चाकापाशी, सिरिंजच्या तोंडाला लाव आणि ते तोंड वरच्या बाजूला येईल असं बसव. खऱ्या कॅलिपरवरही हवा काढायचं निपल वरच असतं, कारण हवेचा बुडबुडा वर चढतो. घाईत डावा कॅलिपर उजवीकडे बसवणारे मिस्त्री मी पाहिलेत. निपल खाली जातं आणि मग कितीही पेडल मारा, हवा निघत नाही. मॉडेल भरताना मुद्दाम एक मिली हवा आत राहू दे. पोराला पेडल दाबायला सांग. लाल पाण्यातला बुडबुडा आकसताना दिसतो, पेडल मऊ लागतं, आणि डिस्क अर्धवट थांबते. मग दोघांना कामाला लाव, एक पेडलवर, एक कॉकवर. आमच्या वर्कशॉपमध्ये गाडीखालून आवाज यायचा, ‘मार, मार, मार... पकड के रख!’ धरून ठेवलं की कॉक उघडायचा, हवा आणि थोडं पाणी निघालं की बंद करायचा, आणि तो बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं की जितकी हवा काढली तितकी परत आत. हा क्रम पाठ करून घ्यायचा नाही, चुकू द्यायचं. दुसऱ्यांदा हवा आत शिरलेली दिसली की पोरं स्वतःच एकमेकांवर ओरडायला लागतात, ‘अरे, आधी बंद कर!’

दुसरा कॉक दोन चाकांच्या फाट्यावर. खऱ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि नळ्यांचे दोन वेगळे गट. पुष्कळ गाड्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं एका गटात, उरलेली दोन दुसऱ्यात. एक नळी फुटली तरी निम्मी गाडी थांबते. तुझ्या मॉडेलमध्ये पिस्टन एकच आहे, म्हणून कॉक बंद करून एक चाक तोडलं तरी ती खऱ्याची नुसती कल्पना होईल. तसं स्पष्ट सांग.

अशा खोट्या गोष्टींची यादी लपवायची नाही, उलट मॉडेलच्या पाट्यावरच चिकटवायची. ‘या मॉडेलमध्ये काय खोटं आहे.’ फट खऱ्यापेक्षा मोठी. तेलाऐवजी पाणी. पिस्टन मागे न्यायला तू लावशील ते रबर बँड, जे खऱ्यात नसतं. तिथे चौकोनी काटछेदाचं सील असतं, ब्रेक लागताना ते मुरडतं आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला किंचित मागे खेचतं. पॅड मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग पोरं शोधत बसतात, ती शोधू नयेत म्हणून हे लिहायचं. दाब खऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. जोराच्या ब्रेकला खऱ्या नळीत वातावरणाच्या शंभरपटीच्या आसपास दाब जातो, म्हणून तिथे लोखंडी नळ्या लागतात. आणि सगळ्यात मोठं खोटं म्हणजे मॉडेल तापत नाही.

तापण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इंदूरच्या पोरांना ते कळलंच पाहिजे. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. एक हजार किलोची गाडी ताशी 60 वरून थांबली तर निघणाऱ्या उष्णतेने एक लिटर पाणी तेहतीस अंशांनी तापेल. ताशी 120 वरून थांबली तर दुप्पट नाही, चौपट. आता उतार घे. तीच गाडी तीनशे मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर त्या उष्णतेने दहा लिटर पाणी सत्तर अंशांनी तापेल. आणि गाडीच्या जागी तीस टनांचा ट्रक ठेव. धामनोदकडे उतरणाऱ्या गणपती घाटाचं नाव तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचलं असेल. ब्रेक फेल, ट्रक उलटला, आग. त्या उतारावर इतके जीव गेले की शेवटी वेगळा रस्ता काढावा लागला. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरायचा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहायचं, ही सवय तिथे नडली. इंजिनाने धरलेली गाडी आणि नुसत्या ब्रेकने धरलेली गाडी यातला फरक तुझ्या प्लास्टिकच्या डिस्कवर दिसणार नाही. तिला मोटर लावून फिरवायचा मोह होईल, लावू नकोस, घासून वितळेल. भेरूघाट उतरून आलेल्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला वर्गात बोलावून कोणता गियर टाकला ते विचार. पोरांना सांग मात्र, की मोठ्या बस-ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, तुझ्या मॉडेलसारखा तेलावर नाही.

मागच्या चाकाचा ड्रम ब्रेक छापायचा का, असं विचारशील. पहिल्या वर्षी नको. त्यात दोन शू, स्प्रिंगा, हँडब्रेकची तार, आणि फिरणारा ड्रम एका शूला स्वतःच आत ओढून घेतो ती गंमत, एवढं सगळं आहे की तो वेगळा विषय होतो. भंगारातला एक ड्रम आणून ठेव, पुरे. फक्त जुन्या शूची किंवा पॅडची धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या पाइपाने उडवायची तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं टाकून दे. एबीएसही पहिल्या वर्षी मॉडेलमध्ये नको. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पोरं विचारतीलच. चाक जाम होऊ लागलं की दाब सोडायचा आणि परत धरायचा, सेकंदाला कित्येक वेळा. बोटांनी पेडल भराभर मारून त्याची नक्कल होते, त्यापलीकडे मॉडेलचा जीव नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या मैदानावर ब्रेक तपासायला वेगवेगळ्या घसरडेपणाचे रस्तेच बांधलेले आहेत. तिथेच कॉलेजच्या पोरांची बाहा स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली. त्यात गाडी शर्यतीत उतरण्याआधी एक साधी परीक्षा असते, पळत्या गाडीचा ब्रेक मारला की चारही चाकं जाम झाली पाहिजेत. किती गाड्या तिथेच अडकतात! आणि पुष्कळदा कारण काय, तर नळीत राहिलेली हवा.

मॉडेल तयार झालं की ते समजावून सांगायला उभी राहू नकोस. आदल्या संध्याकाळी त्यात एक दोष घालून ठेव. कधी हवा. कधी फाट्यावरचा कॉक अर्धा बंद. कधी सरकणाऱ्या पिनेला कपड्याचा चिमटा लावून ती अडवायची, म्हणजे आतला पॅडच काय तो दाबेल आणि बाहेरचा नुसता बघत बसेल. हा शेवटचा दोष मला सगळ्यात आवडतो. खऱ्या गाडीत पिन गंजली की आतला पॅड झिजून पत्र्यावर येतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. कॅलिपरच्या खिडकीतून बाहेरचा पॅड बघून ‘अजून चालेल’ म्हणणारा मिस्त्री तिथेच फसतो. पोरांचे गट कर, गटाला एकच पान्हा, आणि दोष शोधेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. भागांच्या नावाच्या चिठ्ठ्याही तू लावू नकोस. शोधून झाल्यावर त्यांनी लावायच्या, इंग्रजीत, मराठीत किंवा हिंदीत, ज्याला जी जवळची.

बूस्टर राहिला. तो छापायचा नाही, कारण तो बघण्यासाठी दारात उभी असलेली कोणतीही पेट्रोलची गाडी पुरते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायला लाव; ते दगडासारखं घट्ट होतं. पाय दाबून तसाच धरायचा आणि इंजिन सुरू करायचं. पाय आपोआप थोडा खाली जातो. इंजिनाने ओढून घेतलेल्या पोकळीने पायाला हात दिला तो त्या क्षणी. प्रत्येक पोराला एकदा तरी तिथे बसू दे. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर ओढलेला, चाकांमागे विटा. किल्ली फिरवायची ती तूच किंवा गाडीच्या मालकाने, आणि तो मालक मुख्याध्यापक असेल तर त्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेव.